मिडफिल्डला खेळणाऱ्या पोरीचं करिअर: नाशिकच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोरगी नववीत, राहायला सिडकोत, शाळेच्या टीममध्ये मिडफिल्डला खेळते. शाळेतले सर म्हणतायत तिला आता स्ट्रायकरला टाकू कारण टीममध्ये सगळ्यात चांगली तीच आहे. आजीचं म्हणणं दहावीला खेळ बंद. आणि वडील विचारतायत की बायकांच्या फुटबॉलमध्ये मिडफिल्डर म्हणून करिअर असतं का, पैसे मिळतात का, आणि नाशिकमध्ये राहून होईल का.

दादा, पैशाचं नंतर सांगते, आधी स्ट्रायकरचं, कारण तो निर्णय परस्पर होऊन जाईल आणि तुम्हाला कळणारपण नाही. आपल्याकडे ज्या पोरीला बॉल कंट्रोल करता येतो तिला सरळ पुढे उभी करतात. सरांचं अगदीच चूक आहे असं नाही, त्यांना जिल्हा स्पर्धा जिंकायचीय, आणि मनपा किंवा तालुका लेव्हलला समोरची टीम बऱ्याचदा अशी असते की एक फास्ट पोरगी पुढे ठेवली आणि मागून लांब किक मारली की तीन-चार गोल सहज पडतात. पण त्यात पोरगी शिकते काय, तर बॉलमागे पळायला. पुढे स्टेटच्या कॅम्पला गेली की तिथे कोल्हापूरच्या, पुण्याच्या, मुंबईच्या तिच्याहून फास्ट पोरी रांगेत उभ्या असतात आणि मग ही ना धड स्ट्रायकर ना धड मिडफिल्डर. सरांशी भांडू नका. एवढंच म्हणा की मॅचला तुम्हाला हवं तिथे खेळवा, प्रॅक्टिसला तेवढं तिला मधे ठेवा. बहुतेक सर ऐकतात.

मी स्वतः सहा नंबरला खेळायचे आणि आता बरीच वर्षं इथे पोरींना शिकवते, त्यामुळे माझा कल मधल्या पोरींकडे आहे हे आधीच सांगते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सहा नंबर म्हणजे डिफेन्सच्या पुढे उभी राहून बॉल काढणारी आणि गेम सुरू करणारी, आठ म्हणजे दोन्ही बॉक्सच्या मधे ये-जा करणारी, दहा म्हणजे स्ट्रायकरच्या मागे राहून शेवटचा पास देणारी. तुमची पोरगी यातली कोणती हे चौदाव्या वर्षी ठरवायची काही गरज नाही, तिन्ही ठिकाणी खेळू द्या.

आता नाशिकचं म्हणाल तर पळणाऱ्या पोरींची आपल्याकडे वानवा नाही. हरसूलकडच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं, नंतर संजीवनी जाधव, आणि पेठ-सुरगाणा-त्र्यंबक भागातनं अजूनही अशा पोरी येतात की ज्यांना वॉर्मअपला दहा राउंड मारायला सांगितले तरी दम लागत नाही. म्हणून पालकांना वाटतं की स्टॅमिना आहे ना, मग मिडफिल्डर झालीच. तसं नाही हो. चांगली मिडफिल्डर नव्वद मिनिटांत साधारण दहा-अकरा किलोमीटर कापते हे खरंय, पण त्यातलं बरंचसं चालणं आणि जॉगिंग, मधेच पंधरा-वीस मीटरचा स्प्रिंट, लगेच ब्रेक, लगेच वळणं. एका लयीत पळायची सवय झालेल्या पोरीला हे थांबणं-वळणंच जड जातं. आणि त्याहून मोठी गोष्ट मानेची आहे.

मानेची म्हणजे काय ते सांगते. मी पोरीच्या पाठीमागे पंधरा पावलांवर उभी राहते, हातात एक लाल आणि एक पिवळा कोन. समोरून दुसरी पोरगी तिला पास देते. पास निघाला की मी एक कोन वर करते आणि बॉल पायाला लागायच्या आत तिने रंग ओरडायचा. नवीन पोरगी काय करते, तर डोळे बॉलला चिकटवून ठेवते, बॉल आला की तळपायाखाली दाबते, मग मान वर करते, मग मागे वळून बघते, आणि खऱ्या मॅचमध्ये तोवर डिफेंडर अंगावर आलेली असते. जिला जमायला लागलंय ती पास यायच्या आधीच एकदा डाव्या खांद्यावरून आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघून घेते, अंग अर्धं वळवून उभी राहते आणि बॉल मागच्या पायावर घेते, म्हणजे जो पाय समोरच्या गोलच्या बाजूला आहे त्या पायावर, की एका टचमध्ये तोंड पुढे. लांबून बघणाऱ्याला वाटतं ही पोरगी काही करतच नाही, बॉल येतो आणि जातो. गायर योर्डेट म्हणून नॉर्वेचे एक संशोधक आहेत, त्यांनी प्रीमियर लीगच्या खेळाडूंचे क्लोजअप व्हिडिओ बघून हेच मोजलं होतं, जे बॉल यायच्या आधी जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पुढे जाणारे पास जास्त बरोबर बसतात. यासाठी मैदान, टर्फ, महागडे शूज काही लागत नाही. घराच्या गच्चीवर भिंतीला बॉल मारून रिबाउंड यायच्या आत मागे उभ्या भावाने किती बोटं दाखवली ते सांगायचं, झालं.

टर्फवरून आठवलं. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत आता गल्लोगल्ली टर्फ झालेत आणि पालक तासाचे पैसे भरून पोरींना तिथेच खेळवतात. फर्स्ट टचसाठी, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घ्यायला, टर्फ चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण तिथे पाच-पाच जणींचा गेम, चारी बाजूंनी जाळी, बॉल बाहेर जात नाही, त्यामुळे तीस मीटरचा पास मारायची वेळच येत नाही. अशी पोरगी मोठ्या मैदानावर अकरा जणींच्या मॅचला आली की तिला जागा केवढी आहे हेच कळत नाही. आठवड्यातनं दोनदा तरी मोठं मैदान हवं, मग ते कुठल्याही शाळा-कॉलेजचं असो, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असला तरी चालेल. हिवाळ्यात तेच मैदान दगडासारखं कडक होतं, तेव्हा मात्र लांब स्टडचे बूट घालू देऊ नका, बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज घाला, गुडघा वाचतो.

गुडघ्याचं सांगितलंच आहे तर पूर्ण सांगते. एसीएल म्हणजे गुडघ्यातला एक लिगामेंट, तो तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये दुपटीहून जास्त आहे, आणि बहुतेक वेळा कुणी धक्का मारल्याने नाही तर एकटीच वळताना किंवा उडी मारून खाली येताना तुटतो. ऑपरेशन आणि नऊ महिने ते वर्षभर बाहेर. बार्सिलोनाची अलेक्सिया पुतेयास, मिडफिल्डरच, २०२१ चा बॅलन डिओर म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार घेतलेली, २०२२ च्या युरो कपच्या तोंडावर तिचा एसीएल गेला आणि सगळी स्पर्धा हुकली, आणि तिच्याकडे तर जगातले सगळे फिजिओ होते. आपल्याकडे गुडघा गेला की घरचे म्हणतात झालं एकदाचं, आता अभ्यास कर. म्हणून फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, व्हिडिओ फुकट मिळतात, त्यात एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता खाली येणं असले व्यायाम आहेत. २००८ साली नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलींवर याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी आढळल्या. पोरीच्या कोचला विचारा की हे करून घेता का. नुसते राउंड मारायला लावत असतील तर पोरीला घरून करून पाठवा.

आणि एक, हे वडील लोक विचारायला लाजतात म्हणून मीच सांगते. पाळी नियमित येते का बघा, थांबली असेल तर ते जास्त प्रॅक्टिसचं कौतुक नाही, खाणं कमी पडतंय. वर्षातनं एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासा. मधे खेळणाऱ्या पोरीला दमायला होतंय, सेकंड हाफला पाय उचलत नाहीत, असं दिसलं की कोच म्हणतो आळशी झाली, आणि रिपोर्ट काढला की रक्त कमी. नाचणीची भाकरी, पालेभाज्या, डाळी, अंडी, घरात चालत असेल तर मटण. प्रोटीन पावडरचे डबे नकोत या वयात.

आता सिलेक्शन, कारण मिडफिल्डरचा खरा घात तिथे होतो. ट्रायल म्हणजे काय असतं, साठ-सत्तर पोरी, पाठीवर नंबरचे बिब, अकरा-अकराच्या टीम ज्यात कुणी कुणाला ओळखत नाही, आणि वीस मिनिटांचा गेम. सगळ्यांना गोल मारून दाखवायचाय, कुणी पासच देत नाही. स्ट्रायकरने एक गोल मारला की सिलेक्टरच्या वहीत नंबर गेला, गोलकीपरने एक चांगला सेव्ह केला की गेला. मधल्या पोरीने साध्या साध्या पंधरा पास बरोबर दिल्या तर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून माझ्या पोरींना मी सांगते, तिथे आवाज काढा. मागे माणूस आहे तर 'मॅन ऑन', नाहीये तर 'टर्न', सगळ्यांना ऐकू जाईल असं. सिलेक्टर बहुतेक जुने खेळाडूच असतात, गेम वाचणारी पोरगी त्यांना आवाजावरून कळते. दुसरं, कॉर्नर आणि फ्रीकिक कोण घेणार असं विचारलं की हात वर करा, तिथे सगळे खेळ थांबवून तुमच्याकडेच बघत असतात. आणि फॉर्मवर पोझिशन लिहिताना 'ऑलराउंडर' किंवा 'कुठेही चालेल' लिहू नका, सहा किंवा आठ असं स्पष्ट लिहा. जिला कुठेही चालतं तिला शेवटी बेंचवर चालवून घेतात.

रस्ता कसा आहे तो थोडक्यात. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील, मनपा किंवा जिल्हा, मग विभागाला धुळे-जळगाव-नंदुरबारच्या टीमशी, मग राज्य. १७ खालच्या मुलींना सुब्रतो कप पण आहे, जो दिल्लीपर्यंत जातो. हे झालं शाळेचं. खरा फुटबॉलचा रस्ता वेगळा, जिल्हा असोसिएशनमधून विफाच्या म्हणजे राज्य असोसिएशनच्या स्पर्धा आणि कॅम्प, त्यातून महाराष्ट्राच्या सब-ज्युनियर, ज्युनियर आणि सीनियर टीम. सीनियर बायकांची नॅशनल आता राजमाता जिजाबाई ट्रॉफी या नावाने होते, आणि त्यात वर्षानुवर्षं मणिपूरचं राज्य आहे. पालक शाळेच्या सर्टिफिकेटांची फाइल जाड करत बसतात आणि असोसिएशनचं रजिस्ट्रेशन राहून जातं, दोन्ही करा. त्यासाठी जन्मदाखला आणि आधारवरची तारीख आणि नावाचं स्पेलिंग तंतोतंत एक असू द्या, ऐन कॅम्पच्या वेळी महानगरपालिकेच्या चकरा मारणारे बाप मी खूप बघितलेत. आणि वय कमी लावायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा.

हो, पैसे. इंडियन विमेन्स लीग म्हणजे आयडब्ल्यूएल २०१६-१७ ला सुरू झाली. पहिली काही वर्षं सगळ्या टीम एकाच गावात जमवून महिन्याभरात उरकायचे, २०२३-२४ ला होम-अवे झाली, म्हणजे एक मॅच आपल्या गावात, एक समोरच्यांच्या, त्याच वर्षी खालची आयडब्ल्यूएल टू पण आली. २०२४-२५ ला आठ टीम होत्या म्हणजे एका टीमला लीगच्या मॅच किती, तर १४. ईस्ट बंगालने ती लीग जिंकली. एआयएफएफने म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनने २०२३ मध्ये जाहीर केलं की क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला कमीत कमी ३.२ लाखाचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं. महिन्याला भाग घालून बघा, सव्वीस-सत्तावीस हजार. सातपूर-अंबडच्या कंपनीत सुपरवायझरला मिळतो तेवढा पगार, तोही करिअर जेमतेम दहा-बारा वर्षांचं, आणि त्या दहांत आपला नंबर लागला तर. टॉपच्या इंडिया खेळाडूंना याहून बरेच जास्त मिळतात, पण त्या मोजक्या. अमेरिकेच्या लीगमध्ये २०२५ ला सगळ्यात कमी पगारच ४८,५०० डॉलर होता, म्हणजे कुठे आपण आणि कुठे ते. बाहेर जायचा रस्ता अगदीच बंद नाही, पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉनकडून २०२२ ला बायकांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, नंतर ग्रीस, नंतर पेरू. पण तिथवर जाणाऱ्या बोटावर मोजण्याइतक्या, त्यावर घराचं गणित मांडू नका.

कॉन्ट्रॅक्ट आलं की वाचा. माझ्या ओळखीतल्या एका पोरीला बाहेरच्या राज्यातल्या एका क्लबने घेतलं, राहणं-खाणं आमचं म्हणाले, फोनवरच सगळं ठरलं, दोन महिन्यांनी पैसे थांबले आणि दाखवायला कागद म्हणून काही नव्हतं. सही करायच्या आधी बघायचं ते असं: पगार महिन्याचा की सीझनचा, दुखापत झाली तर ऑपरेशनचा आणि रिहॅबचा खर्च कुणाचा, मधेच सोडायचं असेल तर काय, आणि फेडरेशनच्या सिस्टीमवर रजिस्टर केलेली तारीख. नात्यात कुणी वकील असेल तर त्याला दाखवा. लग्न-मूल हा विषयपण असतो, हसू नका, फिफाने १ जानेवारी २०२१ पासून खेळाडूला किमान १४ आठवड्यांची पगारी मॅटर्निटी रजा ठेवलीये, आणि आइसलँडची मिडफिल्डर सारा ब्यॉर्क हिने गरोदरपणातला कापलेला पगार ल्यों क्लबकडून फिफाच्या ट्रायब्युनलमध्ये जाऊन वसूल केला, ८२ हजार युरोच्या वर. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टवर खेळणाऱ्या पोरींना हा नियम माहीतच नसतो.

म्हणून भारतात मिडफिल्डरचं करिअर बहुतेक वेळा क्लबवर नाही तर नोकरीवर उभं असतं, क्लबचा पैसा हा वरचा. संगीता बासफोर घ्या. ५ जुलै २०२५ ला चियांग माईला थायलंडविरुद्ध भारत २-१ जिंकला आणि पहिल्यांदाच क्वालिफायर खेळून बायकांच्या एशियन कपला पोचला, दोन्ही गोल हिचे, आणि ही मिडफिल्डर आहे, सशस्त्र सीमा बलात नोकरीला. इंदुमती कथिरेसन, तीपण मिडफिल्डर, तमिळनाडू पोलिसात सब-इन्स्पेक्टर. रेल्वेची तर बायकांची वेगळी टीमच सीनियर नॅशनलला उतरते, २०१६ ला जिंकलीसुद्धा. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिराती नीट वाचल्यात तर बऱ्याचदा खेळासोबत पोझिशनपण लिहिलेली दिसेल, म्हणून मी मघाशी म्हटलं की पोझिशन स्पष्ट ठेवा. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यात मेडल कोणत्या लेव्हलच्या स्पर्धेतलं यावर कुठल्या गटाची नोकरी हे ठरतं आणि सर्टिफिकेटची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते. टीम गेमची गोची इथे आहे, पोरगी कितीही चांगली असू द्या, टीमचं मेडल नसेल तर कागदावर काही नाही. धावणारीचं मेडल तिच्या एकटीच्या पायात असतं, हिचं अकरा जणींच्या. त्यामुळे कुठल्या टीममधून खेळायचं हे निवडताना 'तिथे मला कॅप्टन करतील' यापेक्षा 'ती टीम पुढच्या राउंडला जाते का' हे बघा.

मिडफिल्डरच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम आहे, वय. स्ट्रायकरचा स्पीड गेला की संपलं, मधल्या पोरीचं डोकं वयाबरोबर चांगलं होत जातं. जपानची होमारे सावा सहा वर्ल्डकप खेळली आणि २०११ च्या फायनलला अमेरिकेविरुद्ध एक्स्ट्रा टाइम संपत आलेला असताना बरोबरीचा गोल तिने मारला तेव्हा ती ३२ ची होती, त्या वर्ल्डकपला सर्वोत्तम खेळाडूही तीच आणि सगळ्यात जास्त गोलही तिचेच. ब्राझीलची फोर्मिगा १९९५ ते २०१९ सात वर्ल्डकप खेळली. आणि आत्ताची बार्सिलोनाची आयताना बोनमाती, २०२३, २०२४, २०२५ असे सलग तीन बॅलन डिओर, उंचीने काही दांडगी नाही, फक्त तिची मान बघा मॅच लावून, बॉल बघू नका. पोरीला घेऊन बसा एक दिवस, एक हाफ फक्त बोनमातीच बघायची.

दहावीचं आजींना असं सांगा की बंद करायचं कारण नाही, उलट स्पर्धेच्या लेव्हलप्रमाणे दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, मात्र शाळेने प्रस्ताव वेळेत पाठवायला हवा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच ऑफिसात जाऊन विचारा. परीक्षेच्या आधीचे तीन महिने रोजची प्रॅक्टिस कमी करून आठवड्यातनं तीन दिवस करा, पूर्ण बंद मात्र नको, बंद केलेल्या पोरी एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वजन आणि गुडघे दोन्ही त्रास देतात. अकरावीला कॉलेज घेताना टक्क्यांबरोबर मुलींची फुटबॉल टीम खरोखर चालते का ते विचारा, बोर्डावर नाव लिहिलेलं असतं आणि टीम फक्त स्पर्धेच्या आठवड्यात गोळा करतात अशी बरीच आहेत. सोळा-सतराला स्टेट कॅम्पपर्यंत पोचली तर पुणे-मुंबईच्या क्लबचा विचार करायचा, तोवर नाशिकमध्ये राहून सगळं होतं, पंचवटी एक्सप्रेसने ट्रायलला जाऊन त्याच दिवशी परत येणाऱ्या पोरी आहेत आपल्याकडे. आणि पुढे खेळ नाही जमला तर एआयएफएफचं डी लायसन्स करून कोचिंगला येता येतं, मुलींना लेडी कोच हवी असं प्रत्येक शाळा म्हणते आणि मिळत नाही.

तुमच्या पोरीचा एक मॅचचा व्हिडिओ असेल तर मला पाठवा, पूर्ण मॅचचा, गोलच्या क्लिपा जोडलेला नको. मोबाइल उंचावर, गॅलरीच्या वरच्या पायरीवर ठेवून काढा आणि बॉलमागे फिरवू नका, ती बॉल नसताना कुठे उभी राहते ते मला बघायचंय.